अर्धी कवळी आणि उरलेले दांत



आजच्या भाषणाचा विषय लहान आहे आणि तो चारचौघांत काढण्याची आपल्याकडे चाल नाहीं. केस पिकले तर आपण हंसून सांगतों, चष्मा लागला तर तो उघडपणें नाकावर ठेवतों. परंतु तोंडांत दोन दांत बसविलेले आहेत हें सांगतांना शहाणींसुरतीं माणसेंहि ओशाळतात. या संकोचाचा परिणाम असा होतो कीं, कवळी घेऊन घरीं आलेला मनुष्य तिची निगा कशी राखावी हें कोणाला विचारीत नाहीं. काढली तर नातवंडें पाहतील म्हणून तो ती रात्रंदिवस तोंडांतच ठेवतो. घासली तर चोरून व घाईनें घासतो. आणि कांहीं वर्षांनीं कवळीशेजारचा चांगला दांत हलूं लागला म्हणजे 'वयच झालें' असें म्हणून स्वस्थ बसतो. पुष्कळ वेळां हा दोष वयाचा नसतो. तो त्या दांताला मिळालेल्या शेजाराचा असतो, आणि तो शेजार चांगला राखणें आपल्या हातीं असतें. तें कसें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम, कवळी म्हणजे नेमकी कोणती, तें स्पष्ट करूं. ज्यांचे सर्व दांत गेले त्यांची कवळी संपूर्ण असते. ती हिरड्यांवर व टाळूवर चिकटून बसते. प्रौढ माणसाच्या तोंडांत अक्कलदाढा धरून बत्तीस दांत. त्यांतील कांहीं गेले आणि कांहीं शाबूत राहिले, म्हणजे मोकळ्या जागा भरून काढण्यासाठीं जी काढतां-घालतां येणारी कवळी करितात, तिला सोयीसाठीं आपण अर्धी कवळी म्हणूं. मग तिच्यावर एकच दांत असो वा दहा असोत. या दोन कवळ्यांत मोठा भेद आहे. संपूर्ण कवळी ही रिकाम्या घरांत आलेल्या बिऱ्हाडासारखी. तिला शेजारीपाजारी कोणी नाहींत. अर्धी कवळी ही भरल्या चाळींत आलेली भाडेकरीण आहे. तिनें आपली खोली स्वच्छ ठेविली नाहीं, तर त्रास भिंतीपलीकडच्यांना होतो. म्हणून अर्ध्या कवळीच्या निगेचें सारें मर्म मी एका वाक्यांत सांगतों. ही कवळी घासावयाची ती तिच्यासाठीं नव्हे, तिच्या शेजारच्या जिवंत दांतांसाठीं. कवळी बिघडली तर दुसरी करतां येते. तिला धरून ठेवणारा दांत गेला तर तो परत येत नाहीं.

ही गोष्ट नीट पटण्यासाठीं अर्ध्या कवळीची रचना पाहिली पाहिजे. हिरडीवर टेकणारी गुलाबी रंगाची तिची बैठक असते. त्या बैठकीवर कृत्रिम दांत बसविलेले असतात. आणि शेजारच्या खऱ्या दांतांना कवेंत घेणारे तारेचे अथवा पट्टीचे आकडे असतात. या आकड्यांच्या बळावरच कवळी जागेवर राहते. ज्या दांतांना हे आकडे धरतात, त्यांना आधाराचे दांत म्हणूं. कवळीची बैठक बहुधा अॅक्रिलिक नांवाच्या कृत्रिम राळेची असते. ही राळ १९३७ सालच्या सुमारास दंतवैद्यकांत आली; तत्पूर्वीं गंधक घालून कठीण केलेल्या रबराच्या बैठकी करीत. कांहीं कवळ्यांचा सांगाडा कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचा असतो. तो पातळ असूनहि बळकट असतो. अलीकडे लवचिक द्रव्याच्या, तारेवांचूनच्या कवळ्याहि निघाल्या आहेत. आपली कवळी यांपैकीं कोणती आहे, हें ती हातीं पडतांच दंतवैद्याला विचारून घ्यावें. कारण एकीला जें मानवतें तें दुसरीला बाधतें.

आतां आपल्या तोंडांत निसर्गानें सफाईची एक व्यवस्था ठेविली आहे. घास चावतांना जीभ आणि गाल दांतांच्या भिंती पुशीत असतात. लाळ सतत वाहत राहून अन्नाचे कण धुऊन नेते आणि जंतूंनीं उत्पन्न केलेली आंबटपणाची धार बोथट करिते. कवळी तोंडांत आली कीं या व्यवस्थेंत अडथळा येतो. आकड्याखालच्या चिंचोळ्या पट्ट्यांत जीभ पोंचत नाहीं. बैठकीखालीं लाळ खेळत नाहीं. पोळीचा मऊ अंश, भाताचें शीत, साखरेचा चहा यांचा लेप तेथें बसतो, आणि त्या लेपावर जंतूंचा चिकट थर वाढतो. हा थर नुसत्या चूळ भरण्यानें निघत नाहीं. तो घासूनच काढावा लागतो. तो तसाच राहूं दिला तर लाळेंतील क्षार त्यावर बसून त्याची कठीण पुटें बनतात.

या थराचे परिणाम तीन ठिकाणीं दिसतात. पहिला आधाराच्या दांतावर. आकड्याखालीं, हिरडीलगत, दांताच्या मानेशीं कीड लागते. उतारवयांत हिरड्या खालीं सरकून दांतांचीं मुळें उघडीं पडतात, आणि मुळावर दंतवेष्टाचें कठीण कवच नसल्यामुळें तेथें कीड लवकर शिरते. त्यांतच रक्तदाबासारख्या विकारांवरील कांहीं औषधांनीं लाळ कमी होते, म्हणजे संरक्षणहि उणें पडतें. दुसरा परिणाम हिरडीवर. ती सुजते, घासतांना रक्त येतें, आणि आंतील हाड हळूहळू झिजून दांत हलूं लागतो. तिसरा परिणाम टाळूवर. बैठकीखालची कातडी लालभडक होते. हिचें कारण बहुधा कॅन्डिडा नांवाची बुरशी असते. पुष्कळदां ही लाली मुळींच दुखत नाहीं, म्हणून ती वर्षानुवर्षें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मधुमेह असलेल्यांत ती विशेष आढळते. तोंडाला औषध लावून ती बरी केली, परंतु कवळी मळकटच ठेविली, तर ती बुरशी कवळींतून पुन्हां टाळूवर येते.

एका दांताची किंमत काय असते, याचें एक ऐतिहासिक उदाहरण सांगतों. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं १७८९ सालीं अधिकारपदाची शपथ घेतली, तेव्हां त्यांच्या तोंडांत स्वतःचा असा एकच दांत उरला होता. न्यूयॉर्कचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनीं त्यांच्यासाठीं पाणघोड्याच्या दांतापासून कवळी कोरली आणि तिच्या खालच्या भागांत त्या एकुलत्या एका दांतासाठीं भोंक ठेविलें. त्या एका खुंटाच्या आधारावर ती खालची कवळी सांवरली जाई. १७९६ सालीं तो दांतहि काढावा लागला. तो वॉशिंग्टन यांनीं ग्रीनवुडला दिला आणि त्यानें तो एका लहानशा डबींत घालून आठवण म्हणून जपून ठेविला. पुढें १७९८ सालच्या डिसेंबरांत ग्रीनवुडनें वॉशिंग्टन यांना एक पत्र धाडलें. दुरुस्तीसाठीं आलेली कवळी काळी पडली होती. ती पोर्ट नांवाच्या मद्यांत भिजत ठेवल्यानें तरी, किंवा तोंडांत ठेवून तें मद्य प्याल्यानें तरी काळवंडली असावी, असें त्यानें कळविलें. मद्य आंबट असल्यामुळें तिची झिलई जाते. म्हणून जेवणानंतर ती काढून स्वच्छ पाण्यांत ठेवावी व दुसरी घालावी, अथवा बारीक केलेला खडू घेऊन ब्रशानें घासावी, असा त्याचा सल्ला होता. खडूचा भाग आज आपण घेणार नाहीं, त्याचें कारण पुढें येईलच. परंतु जेवण झालें कीं काढा, स्वच्छ पाण्यांत ठेवा, डागाची वाट पाहूं नका, हा उपदेश सव्वादोनशे वर्षांनंतरहि तसाच खरा आहे.

आतां रोजचा क्रम पाहूं. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून वाहत्या पाण्याखालीं धुवावी आणि साध्या पाण्यानें खळखळून चूळ भरावी. हें कचेरींत, प्रवासांत, लग्नाच्या पंगतीनंतरहि जमण्यासारखें आहे. याला अर्धें मिनिट पुरतें. दिवसांतून दोनदां, सकाळीं व विशेषतः रात्रीं निजण्यापूर्वीं, कवळी व दांत दोन्ही घासावे. कवळी काढतांना दोन्ही बाजूंनीं बोटांची टोंकें लावून सारखा जोर द्यावा. एकाच बाजूचा आकडा ओढून ती हिसकली तर तार वांकते व आधाराच्या दांतालाहि हिसका बसतो. घालतांनाहि ती बोटांनींच सरळ जागेवर बसवावी. तोंडांत टाकून दांतांनीं चावून बसविण्याची संवय फार वाईट. या एका संवयीनें पुष्कळ आकडे मोडतात.

घासण्यापूर्वीं मोरींत किंवा बेसिनमध्यें घडी केलेला पंचा पसरावा, अथवा पाण्यानें अर्धें भरलेलें घमेलें खालीं ठेवावें. हातांतून कवळी निसटली तर ती कपड्यावर किंवा पाण्यांत पडेल. फरशीवर पडली तर तिचे तुकडे होतील. ती तळहातांत हलकेच धरावी. मुठींत आवळूं नये, कारण दोन बाजूंना जोडणारी मधली पट्टी दाबानें मोडते. कवळीसाठीं स्वतंत्र ब्रश असावा. तिच्यासाठीं मिळणारा खास ब्रश उत्तम; तो नसेल तर मऊ केसांचा कोणताहि दांतांचा ब्रश चालेल. त्यावर हात धुण्याचा साधा साबण किंवा भांडीं घासण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब घ्यावा. प्रथम बाहेरची बाजू, मग हिरडीला टेकणारी आंतली बाजू, आणि शेवटीं आकड्यांची आंतली वळणें अशा क्रमानें घासावें. लोक दिसणारे दांत चकचकीत करितात आणि आंतली बाजू सोडून देतात. वस्तुतः रोग आंतल्या बाजूला वाढतो. आकड्यांच्या वळणांत मोठा ब्रश जात नसेल तर दोन दांतांच्या फटींत घालण्याचा लहानसा ब्रश मिळतो, तो वापरावा. नंतर साबणाचा अंश राहणार नाहीं इतकी कवळी स्वच्छ धुवावी.

आपल्या घरांतून दांत घासण्यासाठीं राखुंडी, मिश्री, कोळशाची पूड, मीठ, तऱ्हेतऱ्हेचीं दंतमंजनें वापरण्याची जुनी रीत आहे. कवळीला यांपैकीं कांहींहि लावूं नये. ट्यूबमधील पेस्टहि लावूं नये, कारण तींतहि घासण्याची बारीक पूड असते. अॅक्रिलिक हें दांताच्या वेष्टापेक्षां पुष्कळ मऊ आहे. खरखरीत पुडीनें त्यावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, आणि प्रत्येक ओरखडा हा जंतूंचें घर बनतो. जितकी जोरानें घासावी तितकी ती लवकर मळते, असा उलटा प्रकार होतो. ग्रीनवुडचा खडू आज त्याज्य आहे तो याच कारणासाठीं.

कवळी झाली म्हणजे काम संपलें असें समजूं नये. खरें काम यानंतरचें आहे. तोंडांतील स्वतःचे दांत मऊ ब्रशानें व फ्लोराइडयुक्त पेस्टनें दोन मिनिटें घासावे. त्यांतहि आधाराच्या दांतांकडे विशेष लक्ष द्यावें. या दांतांची एक बाजू पडलेल्या दांताच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून असते, आणि कवळी घातली कीं तीच बाजू बैठकीला भिडते. ब्रश आडवा नेल्यास ती हमखास सुटते. तेथें ब्रशाचें टोंक उभें धरून, सावकाश, हिरडीच्या कडेपासून घासावें. मग ओल्या मऊ कापडाच्या बोळ्यानें किंवा बोटानें टाळू व दांत नसलेली हिरडी चोळावी, आणि जीभ पुसावी. दांत घासतांना हिरड्यांना इजा होऊं नये, काडीचें टोंक मऊ असावें, आणि तें सकाळीं व भोजनानंतर करावें, असें वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या दिनचर्येंत सांगितलें आहे. साधनें बदललीं, पण हा नियम बदललेला नाहीं.

आतां रात्रीचा प्रश्न. दंतवैद्यानें कांहीं विशेष कारणासाठीं वेगळें सांगितलें नसेल, तर रात्रीं कवळी काढून ठेवावी. दिवसभर बैठकीखालीं दबलेल्या कातडीला विसांवा मिळावा, तिला लाळेचा स्पर्श व्हावा, हा त्यांतील हेतु. झोंपेंत लाळ फारच कमी होते. त्या कोरड्या, उबदार जागीं बुरशीला मोकळें रान मिळतें. जपानमधील संशोधकांनीं पंचाऐंशी वर्षांच्या आसपासच्या ५२४ वृद्धांची तीन वर्षें पाहणी करून २०१५ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, कवळी घालूनच झोंपणाऱ्यांत फुप्फुसदाहाचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. तोंडांतील जंतु झोंपेंत लाळेबरोबर श्वासनलिकेंत उतरतात, हें त्याचें एक संभाव्य कारण. एवढ्या एका पाहणीवरून सर्व दोष कवळीचाच असें सिद्ध होत नाहीं. तथापि घरांतील म्हाताऱ्या माणसाची कवळी रात्रीं काढून ठेवण्यास हें पुरेसें कारण आहे.

काढलेली कवळी कोरडी ठेवूं नये. अॅक्रिलिकला ओलावा लागतो. तें वाळलें तर त्याचा आकार किंचित् बदलतो आणि सकाळीं कवळी बोंचूं लागते. झांकणाच्या डबींत, ती पूर्ण बुडेल इतक्या थंड वा जेमतेम कोमट पाण्यांत ठेवावी. तें पाणी रोज बदलावें आणि डबीहि रोज घासावी. शिळ्या पाण्याच्या बुळबुळीत डबींत ठेवलेली कवळी स्वच्छ राहील कशी? कढत पाणी मात्र कधींहि वापरूं नये. जंतु मरतील या समजुतीनें कवळी उकळणारे लोक आहेत. जंतु मरतात खरे, पण कवळीहि वेडीवांकडी होते.

बाजारांत पाण्यांत विरघळणाऱ्या, फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या उपयुक्त आहेत, परंतु त्या घासण्याच्या जागीं नव्हेत. घासून झाल्यावर वरून करावयाचा तो उपाय आहे. गोळी धातूच्या सांगाड्याला चालते कीं नाहीं हें वेष्टनावर पाहून घ्यावें, सांगितला असेल तितकाच वेळ कवळी तींत ठेवावी, आणि तोंडांत घालण्यापूर्वीं ती भरपूर पाण्यानें धुवावी. हें पाणी गुळण्यांसाठीं वापरूं नये आणि गोळी तोंडांत तर मुळींच घालूं नये. अनेक गोळ्यांत परसल्फेट जातीचे क्षार असतात; ते कांहीं माणसांना सोसत नाहींत. अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००८ सालीं कारखानदारांना वेष्टनावरील सूचना सुधारण्यास सांगितलें होतें. घरांत विसराळू वृद्ध असतील किंवा लहान मुलें असतील, तर या गोळ्या त्यांच्या हातीं लागणार नाहींत अशा जागीं ठेवाव्या. कपडे पांढरे करण्याचें ब्लीचिंगचें पाणी धातूच्या आकड्यांना लागूं देऊं नये. त्यानें धातु काळवंडतो व खराब होतो. धातु नसलेल्या कवळीलाहि तें दंतवैद्याच्या सांगण्यावांचून वापरूं नये, आणि दहा मिनिटांहून अधिक तर कदापि नाहीं.

डागांविषयीं दोन शब्द. आपल्या जेवणांत हळद आहे, दिवसांतून चार वेळां चहा आहे, कित्येकांचा जेवणानंतर विडाहि आहे. हळदीचा पिवळा आणि कात-चुन्याचा तांबडा डाग लगेच धुतला तर बसत नाहीं. तो दुसऱ्या दिवसावर टाकला कीं हट्टी होतो. जड पाण्याच्या गांवीं कवळीवर पांढरीं पुटेंहि धरतात. तीं सुरीनें वा टांचणीनें खरवडूं नयेत. दंतवैद्याकडे ध्वनिलहरींनीं साफ करण्याचें यंत्र असतें. तेथें हें काम थोड्या वेळांत आणि कवळीला अपाय न होतां होतें.

यापुढची गोष्ट दुरुस्तीची. आकडा सैल झाला म्हणून घरच्या पकडीनें तो वळवूं नये. बैठक चिरली म्हणून झटपट सुकणाऱ्या गोंदानें ती सांधूं नये. केसभर फरकानें जोडलेली बैठकहि हिरडीला जखम करिते, आणि चुकीचा वळविलेला आकडा आधाराच्या दांताला रोज थोडा थोडा उपटीत राहतो. तुकडे असतील तितके गोळा करून दंतवैद्याकडे न्यावे. सैल किंवा मोडकी कवळी तोंडांत वागविणें धोक्याचें आहे, कारण अर्धी कवळी लहान असते आणि गिळली जाऊं शकते. तिचे आकडे अन्ननलिकेंत रुततात. इंग्लंडांतील एका बहात्तर वर्षांच्या गृहस्थांची हकीकत २०१९ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत आली होती. धातूच्या पट्टीवर तीन दांत असलेली त्यांची कवळी एका शस्त्रक्रियेच्या वेळीं तोंडांतच राहिली, आणि रक्त पडूं लागल्यावर व घांस गिळवेनासा झाल्यावर, आठ दिवसांनीं, ती घशांत अडकलेली सांपडली. म्हणून भूल देण्यापूर्वीं कवळी आहे हें स्वतः होऊन सांगावें, ती काढावी आणि नांव लिहिलेल्या डबींत घालून घरच्या माणसापाशीं द्यावी. कागदांत गुंडाळून उशाशीं ठेवलेल्या कवळ्या केराबरोबर जातात.

येथें एका अनिष्ट प्रथेबद्दल सावध करणें अवश्य वाटतें. रोज काढण्या-घालण्याचा कंटाळा येऊन कांहीं लोक रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या दांतवाल्याकडे जातात. तो तारेनें व राळेनें ती कवळी शेजारच्या दांतांना कायमची जखडून देतो. पहिले कांहीं दिवस मोठें सुख वाटतें. परंतु जी वस्तु रोज काढून धुवावयाची म्हणून केलेली आहे ती जखडली गेली कीं तिच्याखालीं अन्न कुजूं लागतें, हिरडी फुगते, घाण येते, आणि अखेर कवळीबरोबर तिला बांधलेले चांगले दांतहि काढावे लागतात. आपल्या देशांत दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ सालीं झाला, तो अशाच प्रकारांना आळा बसावा म्हणून. थोडे पैसे वांचविण्यासाठीं नोंदणी नसलेल्या हातीं आपलें तोंड देऊं नये.

नव्या कवळीची संवय होण्यास कांहीं आठवडे लागतात. आरंभीं मऊ पदार्थ, लहान घांस आणि दोन्ही बाजूंनीं सारखें चावणें, एवढें पाळावें. चिक्की, सुपारी, उसाचें कांडें यांचा मोह टाळावा. कवळी बोंचत असेल तर ती कानशीनें घासूं नये. दाखवावयास जाण्याच्या आदल्या दिवशीं घालून ठेवावी, म्हणजे बोंचणारी जागा दंतवैद्याला दिसते. दुखत नसलें तरी सहा महिन्यांनीं एकदां दाखवून यावें. दांत गेलेल्या जागेचें हाड कालांतरानें झिजतें. कवळी तीच राहते पण खालची जमीन खचते, आणि मग सारा भार आधाराच्या दांतांवर येतो. वेळींच बैठकीला नवें अस्तर दिलें तर तो भार कमी होतो. आणखी एक गोष्ट मनांत ठेवावी. तोंडांतील कोणतीहि जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाहीं, तर 'कवळी लागली असेल' असें म्हणून थांबूं नये. तंबाखू खाणाऱ्यानें तर मुळींच थांबूं नये; दंतवैद्याला किंवा डॉक्टरला ताबडतोब दाखवावें.

शेवटीं, जे स्वतः कवळी वापरीत नाहींत परंतु ज्यांच्या घरांत आजोबा-आजी, आईवडील, सासूसासरे आहेत, त्यांना एक विनंती करावयाची आहे. हात कांपूं लागले, दृष्टि अधू झाली, विसर पडूं लागला, म्हणजे वृद्ध माणूस कवळी घासणें हळूहळू सोडून देतें आणि तें कोणाला सांगत नाहीं. तोंडाला वास येतो, जेवण कमी होतें, माणूस बोलावयाचें टाळतें. घरच्यांना वाटतें, म्हातारपणामुळें तें अबोल झालें आहे. अशा वेळीं टोमणा न मारतां, सर्वांसमोर न बोलतां, त्यांच्या सोयीची व्यवस्था करून द्यावी. ब्रशाच्या दांड्याला फडक्याची जाड गुंडाळी बांधली तर कांपत्या हातालाहि तो धरतां येतो. न्हाणीघरांत चांगला उजेड असावा, डबीला ठराविक जागा असावी. त्यांच्यानें अगदींच होत नसेल, तर 'कवळी मी धुऊन आणूं का?' असें विचारून, आपले हात धुऊन, तें काम आपण करावें. आणि नंतर तोंडांतील दांतांकडेहि पाहावें, कारण नुसती कवळी धुऊन आणली आणि खरे दांत तसेच राहिले तर निम्मेंच काम झालें. ज्या आईनें आपल्या हातांत पहिला ब्रश दिला, तिची कवळी धुण्यांत कमीपणा कसला?

सकाळचीं पांच मिनिटें आणि रात्रीचीं पांच मिनिटें, एवढाच हा सारा व्याप. जेवणानंतर धुवावी, साबणानें घासावी, रात्रीं काढून पाण्यांत ठेवावी, आणि कवळीइतकेंच, किंबहुना तिच्याहून अधिक, शेजारच्या दांतांना जपावें. उरलेले दांत थोडे असले म्हणून त्यांची किंमत उतरत नाहीं. ते जितके थोडे तितका प्रत्येकावरचा भार मोठा असतो.